टिकवायचे ते कोणासाठी?

सोलापूरहून अक्कलकोटला निघाले की वाटेत वळसंग लागते. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातले, पण सोलापूरमार्गे स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस त्याच्या कडेने जातो. या गावात एक विहीर आहे. गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता म्हणून दलित वस्तीतल्या माणसांनी ती स्वतःच्या कष्टाने खणली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि त्यांच्या हस्ते तिचे पाणी खुले झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याचा खटला निकाली काढला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवणारा अनादि रिवाज सिद्ध झालेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. सत्याग्रह झाला होता २० मार्च १९२७ रोजी. ओंजळभर पाण्याच्या न्यायाला दहा वर्षे लागली. आणि याच १९३७ मध्ये, नाझी जर्मनीतून परागंदा होऊन न्यूयॉर्कला आलेल्या माक्स होर्कहायमर या तत्त्वज्ञाने एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांत’. ज्या विचारपरंपरेची ओळख या पुस्तकात करून दिली आहे, तिला तिचे नाव या निबंधाने मिळाले.

वळसंगला होर्कहायमर ठाऊक नव्हता आणि होर्कहायमरला वळसंग. या तीन घटनांत कार्यकारणाचा धागा नाही. तरी मी त्या शेजारी शेजारी ठेवतो, कारण तिन्हींच्या मुळाशी एकच नकार आहे. जे चालत आले आहे ते निसर्गानेच तसे घडवले आहे, हे मान्य करायला दिलेला तो नकार आहे. विहिरीवरची बंदी, तळ्यावरचा रिवाज आणि युरोपातली समाजव्यवस्था ही सगळी माणसांनी केलेली, माणसांनी चालवलेली आणि म्हणून माणसांना मोडता येण्याजोगी आहेत, असे म्हणणारी माणसे एकाच काळात पृथ्वीच्या दोन टोकांना उभी होती. मराठी वाचकाने चिकित्सक समाजसिद्धांताकडे परदेशी पाहुणा म्हणून पाहू नये, हे मला सुरुवातीलाच सांगायचे आहे. त्यातले निम्मे प्रश्न आपल्या पाणवठ्यांवर आधीच विचारून झाले आहेत.

आता या सिद्धांताचे घराणे थोडक्यात. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९२३ साली समाजसंशोधन संस्था स्थापन झाली. तिला पैसा पुरवला फेलिक्स वाइल या तरुणाने. त्याचे वडील अर्जेंटिनातून युरोपात धान्य पाठवणारे मोठे व्यापारी होते. धान्याच्या नफ्यावर उभी राहिलेली ही संस्था नफ्याचीच चिकित्सा करू लागली. १९३० च्या सुमारास होर्कहायमर तिचा संचालक झाला. टेओडोर अडोर्नो, हर्बर्ट मार्क्युझ, एरिक फ्रॉम आणि पुढच्या पिढीत युर्गेन हाबरमास अशी माणसे तिच्याशी जोडली गेली. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये संस्था बंद पडली, जिनिव्हामार्गे न्यूयॉर्कला गेली आणि युद्धानंतर परतली. या मंडळींना छळणारा प्रश्न असा होता: ज्यांचे शोषण होते तीच माणसे ती व्यवस्था का टिकवून धरतात? पोट मारले जात असताना मन का मारले जाते? उत्तरासाठी त्यांनी अर्थशास्त्राला मानसशास्त्राची जोड दिली, कुटुंबात अधिकारशाही कशी रुजते ते पाहिले, सिनेमा आणि रेडिओ माणसाची भूक कशी घडवतात ते तपासले.

याच प्रश्नाचे एक उत्तर बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात देऊन ठेवले होते. जात ही श्रमाची वाटणी असण्यापेक्षा श्रमिकांची वाटणी आहे आणि ती श्रेणीबद्ध आहे, हा त्यांचा मुद्दा. श्रेणीबद्ध विषमतेत जवळजवळ प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असतो, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एकत्र येत नाहीत. फ्रँकफुर्टच्या ग्रंथालयांत हे उत्तर पोचले असते तर त्या सिद्धांताची वाट वेगळी झाली असती, असे मला मनापासून वाटते.

‘पारंपरिक’ आणि ‘चिकित्सक’ यांतला फरक समजून घ्यायला अक्कलकोट तालुक्याइतकी चांगली शाळा नाही. सरकारी कागदांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे: हा भाग अवर्षणप्रवण आहे. वाक्य खोटे नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीने, आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरात. पारंपरिक सिद्धांत हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून घेतो, त्यात आकडे भरतो आणि उपाययोजनेकडे वळतो. चिकित्सक सिद्धांत त्या वाक्यापाशीच थांबतो. अवर्षण पावसाचे आहे की वाटपाचे? मोजणारा कोण आहे आणि त्याने काय मोजायचे सोडले? होर्कहायमरचे म्हणणे असे की आपल्याला जे तथ्य दिसते ते इतिहासाने घडवलेले असते आणि ते पाहणारी आपली नजरसुद्धा त्याच इतिहासाने घडवलेली असते.

मग या तालुक्याचा इतिहास पाहू. इथली काळी, खोल जमीन पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते. उत्तरा-हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी पेरायची आणि पुढे पाऊस पडला नाही तरी त्या ओलीवर पीक घरी आणायचे, ही शेती इथल्या माणसांनी शेकडो वर्षांत बसवली. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली एम ३५-१ ही मालदांडी याच मातीतून आली. ज्वारीने माणसाला भाकरी दिली आणि जनावराला कडबा. सोबत तूर, करडई, हरभरा होते. तालुक्यातल्या दुधनीच्या बाजारात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, त्यामागे हीच कोरडवाहू जाण आहे.

त्या शेजारी आता ऊस ठेवून पाहा. उसाला हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे इथे पडते त्याच्या तीन-चार पट. तरीही सोलापूर हा राज्यातला साखर कारखान्यांची संख्या सर्वाधिक असलेला जिल्हा झाला. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा म्हणून गणला जातो. धरणाच्या भोवती आणि कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस उभा राहिला. खाली, टेलला, पाण्याची वाट पाहणारे तालुके राहिले आणि अक्कलकोट त्यात. उजनीचे पाणी एकरुखमार्गे कुरनूर धरणात आणायची उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे रेंगाळली. राज्यात लागवडीखालच्या जमिनीतला चार टक्क्यांच्या आसपासचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून कितीतरी मोठा वाटा घेतो, हे आता शासनाचे अहवालही सांगतात.

इथे ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. ते अन्यायाचे आहे, आणि चिकित्सक सिद्धांताच्या शिस्तीत तर ते बसतच नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान भाव आहे, तोडणीची टोळी कारखाना आणतो, बँक पीककर्ज देते. ज्वारीला यातले फारसे काही नाही. तिचा हमीभाव जाहीर होतो आणि बहुतेक वेळा खरेदी केंद्रापर्यंत पोचत नाही. शिधावाटपात गहू-तांदूळ आले तसे ज्वारीचे ताटही आकसले. म्हणजे पाणी पिणारे पीक निवडणारा माणूस वेडा नाही, त्याच्यासमोर मांडलेल्या पर्यायांत तो शहाणपणानेच वागतो आहे. प्रत्येकाचे वैयक्तिक शहाणपण एकत्र येऊन सगळ्यांची विहीर कोरडी पाडते. मधल्या या यंत्रणेला ‘संरचना’ म्हणतात. या पुस्तकातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला शब्द तोच आहे, आणि तो वाचताना वाचकाने कालवा, कारखाना, सोसायटी आणि सातबारा डोळ्यासमोर आणावा, एवढीच माझी विनंती.

होर्कहायमर आणि अडोर्नो यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्रबोधनाचे द्वंद्व’ या ग्रंथात एक धागा आहे, जो आजच्या पर्यावरणविचाराला फार जवळचा आहे. निसर्गावर हुकमत गाजवण्यासाठी माणसाने जी बुद्धी कमावली, तीच बुद्धी माणसांवर हुकमत गाजवायला वापरली गेली. सगळ्याचे मोजमापात रूपांतर करणारी ही साधनबुद्धी ‘कसे’ विचारते, ‘कशासाठी’ विचारायला विसरते. शेततळ्यांचे पाहा. पावसाचे वाहून जाणारे पाणी शेतात अडवावे, हा त्यामागचा हेतू उत्तम. पण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरलेली मोठी तळी बोअरचे पाणी उपसून भरली गेली. जमिनीखाली सगळ्यांचे असलेले पाणी वर येऊन एकाच्या कुंपणात गेले आणि वर उन्हात उडूही लागले. कागदावर शेततळ्यांची संख्या वाढली. कोणाची विहीर आटली, याची नोंद करायला त्या तक्त्यात रकाना नव्हता.

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग जगभर पोचला तो १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने. पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता न घटवता आजच्या गरजा भागवणे, असा त्याचा आशय. आज तो प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर असतो. मला त्याबद्दल आदर आहे, कारण अजून न जन्मलेल्या माणसाचा हक्क त्याने चर्चेत आणला. पण आजच्या पिढीच्या आत कोण कोणाच्या खांद्यावर उभे आहे, हा प्रश्न तो शब्द आपणहून विचारत नाही. विचारावा लागतो. आणि नुसते टिकणे हेच मूल्य धरले तर फार अडचणीचा प्रदेश लागतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त टिकलेली व्यवस्था जातीची आहे.

हा वाद केवळ कल्पनेतला नाही. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९८३ साली एक शोधनिबंध लिहिला. महाराष्ट्रातल्या भटक्या आणि पशुपालक समूहांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की एकाच परिसरातल्या वेगवेगळ्या जातींनी वेगवेगळी संसाधने वाटून घेतली होती. एक जमात एक प्रकारची शिकार करी, दुसरी दुसऱ्या प्रकारची, तिसरी मेंढरे राखी, आणि त्यामुळे संसाधनांवरची स्पर्धा आटोक्यात राही. निरीक्षण बारकाईचे आहे आणि त्यातून शिकण्यासारखेही आहे. पण पुढच्या दलित आणि दलितपक्षीय अभ्यासकांनी विचारले की ही वाटणी कोणी ठरवली, आणि मेलेले ढोर ज्याच्या वाट्याला आले त्याला विचारून ठरवली का? समतोल होता, हे मान्य केले तरी तो तोलून धरण्यासाठी कोणाचे गुडघे वाकले, हे सांगितल्याशिवाय त्याचे वर्णन पुरे होत नाही.

याचा सगळ्यात कठोर पुरावा याच तालुक्याने दिला आहे. शरणकुमार लिंबाळे हन्नूरचे, म्हणजे अक्कलकोट तालुक्यातले. त्यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. त्यात आजी जनावरांच्या शेणातून न पचलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवून दळते आणि त्याची भाकरी करते. आजच्या पर्यावरणाच्या परिभाषेत मांडायचे तर तिथे काहीच वाया गेलेले नाही. वस्तू फेकली गेली नाही, पृथ्वीवर भार पडला नाही. त्या आजीचा कर्बभार मोजला तर तो आदर्श ठरेल. ज्या मापनपद्धतीत ही भाकरी आदर्श ठरते ती पद्धती मुळातून तपासली पाहिजे, एवढे हे एक दृश्य सिद्ध करते. कमी वापरणे आणि वापरायला न मिळणे यांतला भेद करता येत नसेल तर शाश्वततेचे कोणतेही गणित माणसाच्या कामाचे नाही. ‘अक्करमाशी’ला आपण साहित्य म्हणून वाचले, ते योग्यच झाले. आता ते समाजसिद्धांत म्हणूनही वाचायला हवे.

असाच भेद ज्वारीबाबतही करायला हवा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारी पौष्टिक, कमी पाण्याची, हवामानबदलात तग धरणारी, म्हणून तिचा गौरव झाला. मला त्याचा आनंद आहे. पण रब्बीची ज्वारी आमच्याकडे आजही बऱ्याच रानांत हाताने उपटून काढतात आणि ते काम मुख्यतः बाया करतात. माघ-फाल्गुनाच्या उन्हात कंबर वाकवून दिवसभर ताटे उपटणाऱ्या बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी असते आणि त्या गौरवसोहळ्यांत तिचा विषय फारसा कोणी काढला नाही. नॅन्सी फ्रेझर ही अमेरिकन विचारवंत म्हणते की न्यायाला वाटपही लागते आणि मान्यताही, आणि भांडवलशाही निसर्ग आणि बायकांचे बिनमोबदल्याचे श्रम या दोन्हींना आयते मिळालेले धरून चालते. हे समजायला मालदांडीच्या रानात एक दिवस काढणे पुरेसे आहे.

यानंतर जोतीराव फुल्यांकडे यावेच लागते, आणि खरे तर त्यांच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. फुले तिथे शेतकऱ्याच्या दैन्याचे एकच कारण सांगून थांबत नाहीत. भटकामगारांची कचेऱ्यांतली मक्तेदारी, धर्मविधींतून होणारी लूट, गोऱ्या अधिकाऱ्यांचा आळस, जंगल खात्याने बंद केलेली गायराने, आणि डोंगरावरचा पालापाचोळा व जनावरांचे खत पावसाबरोबर शेतात येण्याची जुनी वाट तुटल्यामुळे नापीक होत चाललेली जमीन, या सगळ्यांची ते एकच साखळी दाखवतात. साधारण त्याच काळात मार्क्स लीबिग या रसायनशास्त्रज्ञाच्या आधाराने सांगत होता की भांडवली शेती मजुराबरोबर मातीलाही लुटते. फुल्यांनी तेच पुणे जिल्ह्यातली शेते पाहून सांगितले, आणि त्यात जात आणि नोकरशाही यांची जोड दिली, जी मार्क्सकडे नव्हती. उपायही त्यांनी नेमके सुचवले. लष्कर आणि पोलिस खात्यातल्या जादा माणसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतातच मुरेल असे करावे, जागोजागी तळी-तलाव बांधावेत. आज पाणलोट विकास या नावाने जे चालते त्याचा आराखडा यात आहे. एक मोठा फरक मात्र आहे. फुल्यांच्या लेखी बंधारा आणि शूद्रातिशूद्रांचे शिक्षण हे एकाच कामाचे दोन भाग होते. आपण बंधारा घेतला आणि दुसरा भाग वेगळ्या खात्याकडे दिला.

टीका करणारा सिद्धांत बांधत काही नाही, असा आक्षेप नेहमी येतो. महाराष्ट्राने त्याला प्रत्यक्ष उत्तर दिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण मला ते कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाइतके खोल वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. या नियमांनी पाणी आणि जमीन यांची शेकडो वर्षांची गाठ सोडवली. जमीन कोणाची, हे ठरवले होते वतनांनी, जातीने, वारशाने. पाणी जमिनीला बांधले की तो सगळा इतिहास पाटातून पुढच्या पिढीत वाहत येतो. शाश्वतता आणि समता यांना इथे वेगळे करताच येत नाही: उसावरची बंदी नसती तर भूमिहीनाला वाटा उरला नसता, आणि भूमिहीनाचा वाटा नसता तर ती बंदी पाळायचे कोणाला कारण नव्हते.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण झाले. भारत पाटणकर आणि मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी तांदुळवाडी-बलवडीच्या गावकऱ्यांसह ते उभारले. नदीतल्या वाळूवर ठेकेदाराआधी गावाचा हक्क आहे असे ते म्हणाले, त्या वाळूच्या विक्रीतून धरणाचा काही पैसा उभा केला आणि समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांपर्यंत नेले. पाटणकरांच्या सहचारिणी गेल ऑम्व्हेट यांनी फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीवर लिहिलेला प्रबंध १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आला होता, आणि त्या कासेगावात राहिल्या, लढ्यात उतरल्या. सिद्धांत आणि चळवळ एकाच घरात नांदल्याचे हे उदाहरण आहे. हे प्रयोग सगळीकडे पसरले नाहीत, हेही खरे. त्यांच्यामागे झोकून देणारी माणसे होती आणि कायद्याचे पाठबळ तुटपुंजे होते. पण जे नायगावात झाले ते होऊ शकते, एवढे तरी त्यानंतर कोणाला नाकारता येत नाही.

हाबरमासचे काम अक्कलकोटला वेगळ्या बाजूने भिडते. त्याचा आग्रह असा की लोकशाहीत निर्णय न्याय्य व्हायचा असेल तर ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्या प्रत्येकाला दडपणाशिवाय बोलता आले पाहिजे आणि त्याचे बोलणे कारण म्हणून तोलले गेले पाहिजे. आता ग्रामसभा डोळ्यासमोर आणा. कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर, कोण दाराशी उभे? त्यात आमच्या तालुक्याची एक खास गोष्ट आहे. सीमेलगतच्या असंख्य घरांत कन्नड बोलली जाते. शेतकरी बांधावर कन्नडमध्ये विचार करतो, बाजारात मराठीत बोलतो आणि पीकविम्याचा अर्ज भरायला गेला की समोर जी मराठी येते ती मराठी माणसालाही दोनदा वाचावी लागते. पावसाचा अंदाज, पंचनामा, जमीन अधिग्रहणाची नोटीस, सगळे त्याच भाषेत. ज्याला कागद कळत नाही तो सही करतो. इथे भाषा हा पाण्याच्या वाटपाचाच एक भाग होऊन बसतो.

सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने तो अहवाल कधी मानला नाही. २०२२ च्या अखेरीस सीमावाद पुन्हा पेटला तेव्हा तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला कर्नाटकात जायचे आहे असे जाहीर केले. बातम्यांत तो अस्मितेचा प्रश्न झाला. गावकरी रस्ता, पाणी, वीज आणि पलीकडच्या गावात दिसणाऱ्या सोयी यांविषयी बोलत होते. राज्य बदलण्याची धमकी दिल्याशिवाय पाण्याचे म्हणणे ऐकले जात नसेल तर त्या व्यवस्थेत बोलण्याच्या सगळ्या साध्या वाटा आधीच बुजल्या आहेत, असा त्याचा अर्थ मी लावतो. आणि पाण्याचे हे म्हणणे नुसते टंचाईचेही नाही: १४ ऑक्टोबर २०२० च्या सुमारास याच कोरड्या तालुक्यात बोरी नदीला पूर आला, काठच्या गावांत पाणी शिरले, रानांतली माती वाहून गेली. अवर्षणप्रवण हा शिक्का त्या दिवशी फारसा उपयोगाचा नव्हता. हवामान बदलते आहे, आणि मातीचे घर, नदीकाठची वस्ती, सातबारा नसलेले कुटुंब यांना बसणारा फटका कोणत्याही सरासरीत मावत नाही.

या सिद्धांताच्या मर्यादाही वाचकाने आधीच जाणून घ्याव्यात. फ्रँकफुर्टच्या पहिल्या पिढीला वसाहती जवळजवळ दिसल्या नाहीत. ज्या कापसावर, धान्यावर, साखरेवर युरोप उभा राहिला त्या मळ्यांतली माणसे त्यांच्या चिंतनात नाहीत. अडोर्नोची निराशा इतकी गडद आहे की तिच्यातून कृतीकडे जायला वाट सापडत नाही. त्यांची भाषा अवघड आहे आणि काही वेळा ती अनावश्यक अवघड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून हे लेखन आंबेडकर-फुल्यांच्या शेजारी ठेवूनच वाचावे. उलट दिशेनेही हे खरे आहे. आपल्याकडे फुल्यांची जयंती होते, पण ‘असूड’मधली साखळी जोडण्याची रीत आपण जवळजवळ सोडून दिली आहे. तिला पुन्हा धार लावायला फ्रँकफुर्टची शिस्त उपयोगी पडते.

अक्कलकोट तीर्थक्षेत्र आहे. वटवृक्षाखाली रोज हजारो माणसे येतात आणि अन्नछत्रात कोणाची जात न विचारता पंगती बसतात. १८५६ ते १८७८ या काळात स्वामींच्या भोवती जमलेल्या माणसांतही जातीधर्माची सरमिसळ होती. या श्रद्धेकडे मी आदराने पाहतो, आणि म्हणूनच त्या पंगतीमागचे सगळे या अभ्यासात यावे असे मला वाटते. त्या ताटातली तूर कोणत्या पावसावर आली, भांडी घासायचे पाणी कुठून आले, सांडपाणी कुठे गेले, आणि पहाटे यात्रेचा कचरा उचलणाऱ्या हातांना कोणत्या वस्तीत घर मिळाले, हे प्रश्न श्रद्धेच्या विरोधात जात नाहीत. पंगतीतली समता पंगतीबाहेर किती लांब पोचते, एवढेच त्यांतून कळते.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल थोडेसे. पहिला भाग संकल्पनांचा आहे, तो ज्याला जड वाटेल त्याने बिनधास्त दुसऱ्या भागापासून, पाणी आणि जमीन यांवरच्या लेखांपासून सुरुवात करावी आणि मग मागे यावे. शेवटच्या भागात कायद्यांची चर्चा आहे. ती कोरडी वाटली तरी वगळू नये. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटपाचा शब्द कायद्यात आणला, २००९ च्या भूजल अधिनियमाने खोल विहिरींवर मर्यादा घालायचे ठरवले. तरीही आज ज्याच्या नावावर रान आहे त्याने रानात बोअर घेतली की खालचे पाणी व्यवहारात त्याचेच होते. भूमिहीन शेतमजूर, मेंढपाळ, सालगडी, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी बाई यांना त्या पाण्यात वाटा कसा मिळेल, यावर शेवटच्या लेखात एक मसुदा मांडला आहे. त्यातल्या तीन कलमांशी मी सहमत नाही. माणशी पाण्याचा हक्क ग्रामपंचायतीकडे नोंदवावा असे तिथे म्हटले आहे. मला तो पाणलोटाच्या पातळीवर नोंदवला जावा असे वाटते, कारण बोरीचे पाणी गावाची शीव ओळखत नाही आणि वरच्या गावाच्या नोंदवहीवर खालच्या गावाला हरकत घेता आली पाहिजे. त्याच कारणाने हक्क वाटण्याचा अधिकार आणि पाणी मोजण्याचे कामही एका गावाच्या हाती राहू नये, असे मी म्हणेन. हा वाद मसुद्याच्या लेखकांशी आधीच सुरू झाला आहे. वाचकांनी त्यात आपापल्या गावाच्या विहिरींची पातळी, बोअरची खोली आणि पाणी विकत घेणाऱ्या घरांची संख्या घेऊन उतरावे.